दहा मिनिटं कुठून आणलीस?

"मर्यादा वाढवायला तुम्हाला असा कितीसा वेळ लागेल, अक्का?"

"एक आकडा बदलायचा. बोटसुद्धा दुखणार नाही."

"मग बदला ना!"

"नाही बदलणार."

दिगंबर उभाच होता. एरवी उंबऱ्याला हात लावून आत येणारा माणूस आज मोटरसायकल आडवी टाकून थेट आत घुसला होता. एक चप्पल दारात पडली होती, दुसरी पायातच होती.

अक्का नदीच्या घाटावरच्या जुन्या पंपघरात राहत. आत एक चटई, एक माठ आणि कोपऱ्यात घुरघुरणारा एक सर्व्हर. कधीकाळी त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. मग ते सोडलं आणि इथे आल्या. तालुक्यातल्या कचेऱ्यांची बारीकसारीक कामं त्या सर्व्हरवर चालत. शाळेचे निरोप, बाजार समितीचे भाव, दवाखान्याची रक्ताची मागणी. ज्याला जे काम करून घ्यायचं त्याने त्याची स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला द्यायच्या सूचना, लिहून तिथे ठेवायची.

नियम एकच होता. कुठलीही स्क्रिप्ट सुरू झाली की तिला सहा मिनिटं. सहा संपली की सर्व्हर तिला तोडतो. ती कुठवर आली आहे, काय अर्धं राहिलं आहे, हे तो बघत नाही.

दिगंबर हा अक्कांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तेच जरा जास्त माहीत होतं. फोन लावायची लायब्ररी त्याने लिहिली होती. लायब्ररी म्हणजे सगळ्यांनी वापरायचं सामायिक काम. शाळेला फोन लावायचे असोत की धरणाच्या कचेरीला, प्रत्येकाने नव्याने लिहीत बसायचं नाही, आपल्या स्क्रिप्टमधून दिगंबरच्या लायब्ररीला हाक मारायची.

"गुरुवारी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"तू सांग."

"धरणाचं पाणी सोडलं. त्याआधी वाळूतल्या सगळ्यांना फोन जायला हवे होते. निम्म्यांना गेले. मग तुमच्या सर्व्हरने स्क्रिप्ट तोडली."

"ज्यांना गेले नाहीत, त्यांचं काय झालं?"

दिगंबर खाली बघू लागला.

"राघूकाकांना पाण्याने नेलं. बाभळीला अडकले म्हणून वाचले. पाय मोडलाय… सरकारी दवाखान्यात आहेत."

उन्हाळ्यात त्या नदीला पाणी नसतं. नुसती वाळू. भोई मंडळी तिच्यात टरबुजांच्या वाड्या लावतात आणि तोडणी होईपर्यंत बायकापोरांसह तिथेच झोपडीत राहतात. वाळूत रेंज येत नाही. म्हणून प्रत्येक झोपडीपुढे एक उंच बांबू, बांबूला पिशवी, पिशवीत फोन. वाजला की बाजेवर चढून बोलायचं. खाली शहराचे नळ कोरडे पडले की धरणातून पाणी सोडतात, आणि मग त्या फोनवरच सगळ्यांचा जीव असतो.

दिगंबरचा जन्म तसल्याच एका झोपडीतला. त्याचे वडील, सुदाम तारू, आजही पलीकडच्या काठाजवळ वाडीवर होते.

"आज चार वाजता पुन्हा पाणी सोडणार आहेत," दिगंबर म्हणाला. "हुकूम वरून आलाय, इथल्या कोणाच्या हातात नाही. तीनला फोनची स्क्रिप्ट सुरू होईल. सहा मिनिटांत ती पुन्हा मरणार. मी धरणाच्या साहेबांना शब्द देऊन बसलोय की आजपर्यंत सगळं दुरुस्त करतो. तुम्ही फक्त मर्यादा वाढवा."

"तुझी लायब्ररी दुरुस्त आहे?"

"तिच्यात काही बिघाडच नाही!"

हे तो इतक्या जोरात बोलला की घाटावरचं कुत्रं उठून बसलं.

"माझी लायब्ररी कोणाला सोडत नाही, अक्का. एखाद्याने फोन उचलला नाही तर पुन्हा लावते. पुन्हा नाही उचलला, थांबते, परत लावते. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. उचलेपर्यंत सोडायचं नाही, असं लिहिलंय मी. आणि तिला भरपूर वेळही दिलाय. दहा मिनिटं."

"दहा?"

"दहा."

"स्क्रिप्टला किती असतात?"

"सहा."

अक्का म्हणाल्या, "दहा मिनिटं कुठून आणलीस?"

"म्हणजे… लायब्ररी वेगळी आहे. वेगळ्या जागी राहते. मी तिच्यात लिहून ठेवलंय, दहा."

"लिहून ठेवलंस. आणलीस कुठून?"

दिगंबरला राग आला. लपवायला तो कधी शिकलाच नव्हता.

"मी लायब्ररी एकटी चालवून बघितली होती. एकदा नाही, पुष्कळदा. दर वेळी काम पूर्ण झालं!"

"एकटी चालवलीस."

"हो."

"कोणी हाक न मारता."

"…हो."

"गुरुवारी धरणाच्या स्क्रिप्टने तुझ्या लायब्ररीला हाक मारली तेव्हा स्क्रिप्टची किती मिनिटं उरली होती? पाण्याची पातळी वाचण्यात, यादी काढण्यात काही गेली असतील की नाही?"

"गेली असतील."

"किती उरली होती?"

"माहीत नाही."

"विचारलंस?"

त्याने हातातला फोन कानाला लावला, ऐकलं, खाली घेतला. आल्यापासून तो हेच करत होता. अक्का ते बघत होत्या, पण बोलल्या नव्हत्या.

"तहान लागलीय तुला," त्या म्हणाल्या.

"पाणी नको मला. आकडा बदला."

"बदलते. एका अटीवर. मी पाणी घेऊन येईपर्यंत श्वास धरून ठेव. सुटला नाही तर आकडा बदलते."

दिगंबरने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. अक्का थट्टा करत नव्हत्या. हा नदीकाठचा गडी, डोहात बुड्या मारून वाढलेला. त्याने छाती भरून घेतली आणि ओठ मिटले.

अक्का उठल्या. माठ चार हातांवर होता. त्यांनी पेला उचलला, उजेडात धरला आणि नापसंतीने मान हलवली. मग चुलीतली राख घेतली, काथ्या घेतला आणि पेला घासायला बसल्या.

आतून घासला. बाहेरून घासला. कडेला कुठेतरी डाग होता, तिथे बोटाने पुन्हा राख लावली.

दिगंबरचे डोळे मोठे झाले. त्याने हाताने खूण केली, पाणी ओता, पेला पुरे.

अक्कांनी पेला विसळला. पुन्हा उजेडात धरला. पुन्हा राख घेतली.

त्याचा चेहरा काळानिळा पडला आणि श्वास एकदम सुटला. तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला.

"तुम्ही… मुद्दाम…"

"पेला बघ. डाग आहे?"

"नाही."

"काम चोख झालं?"

"झालं, पण…"

"मला धाप लागली का?"

दिगंबर तसाच वाकलेला राहिला. बऱ्याच वेळाने खाली बसला. पायातली चप्पल काढून त्याने दाराकडे सरकवली. अक्कांनी भरून दिलेला पेला त्याने दोन्ही हातांनी घेतला, पण प्यायला नाही.

"म्हणजे घड्याळ एकच आहे," तो हळूच म्हणाला.

"कोणाचं?"

"जिने सुरुवात केली तिचं. स्क्रिप्टचं. मी तिच्यातूनच खातोय." मग त्याला आणखी काहीतरी आठवलं. "म्हणून परवा शाळेचे निरोपही अर्ध्यात राहिले… बाजार समितीचेही. सगळे मला येऊन सांगत होते, आणि मी म्हणत होतो, तुमच्या स्क्रिप्टमध्ये चूक असेल."

अक्कांनी राख आणि काथ्या उचलून चुलीपाशी ठेवला.

"तरी पण, अक्का… आजच्या दिवस वाढवा. आजपुरतं."

"किती करू?"

"वीस."

"वीस केली, तर तुझी लायब्ररी ज्याने फोन उचलला नाही त्याच्यापाशी किती वेळ थांबेल?"

हिशेब दिगंबरला कळत होता. वीस दिली तर वीस, तास दिला तर तास.

"आणि तेवढा वेळ दवाखान्याची रक्ताची मागणी त्याच सर्व्हरच्या दारात उभी राहील," अक्का म्हणाल्या. "गुरुवारी कुठल्या फोनपाशी अडकली होती?"

दिगंबरने पुन्हा हातातला फोन कानाला लावला.

"दिगंबर. कुठल्या फोनपाशी?"

"बाच्या."

"बाला ऐकायला कमी येतं. बांबूवरचा फोन त्याला पहिल्या खेपेला कधीच ऐकू येत नाही. म्हणूनच तर मी लिहिलं, उचलेपर्यंत सोडायचं नाही. त्याच्यासाठीच लिहिलं, अक्का. आणि गुरुवारी तो वाडीवर नव्हताच. गावात लग्नाला गेला होता. रिकाम्या झोपडीपुढे फोन वाजत राहिला… आणि त्याच्या खालच्या अंगाला राघूकाकांची वाडी. यादीत बाच्यानंतर त्यांच्याच घरचा नंबर."

आता सगळं बोलून झालं होतं. त्याने फोन पुन्हा लावला.

"आज आहेत ते वाडीवर?"

"आहे. सकाळपासून लावतोय. उचलत नाही."

"मग जा तिकडे."

"मधली वाळू गुरुवारच्या पाण्याने अजून रुततेय, आणि पुलावरून वळसा घालून पोचेपर्यंत पाणी येईल."

"शेजारी कोण आहे?"

"शेवंताकाकी. राघूकाकांची बायको. उरलेली अर्धी वाडी तोडायला पोरीला घेऊन कालच परत आलीय."

"तिला लावलास?"

"अक्का, कोणत्या तोंडाने लावू?"

अक्कांनी हात पुढे केला. दिगंबरने फोन द्यायला वेळ लावला, पण दिला. अक्कांनी तो जमिनीवर ठेवला आणि घासून लख्ख केलेल्या पेल्यातलं पाणी माठात ओतून तो पेला फोनवर पालथा घातला.

"तुला लाज वाटते, वाटू दे. स्क्रिप्टला वाटत नाही. ती शेवंताला फोन करेल. पण तिथपर्यंत पोचली तर."

दिगंबरने सर्व्हरसमोरचा कीबोर्ड ओढून घेतला.

तीन वाजायला फार वेळ नव्हता. त्याने आधी दहाचा आकडा खोडला आणि त्या जागी लिहिलं, हाक मारणाऱ्याला विचार, किती मिनिटं उरलीत. मग लिहिलं, प्रत्येकाला एकदाच लाव. नाही उचलला, तर नाव बाजूला ठेव आणि पुढे जा. वेळ संपत आला की तुटायची वाट बघू नकोस, कुठवर आलीस ते लिहून ठेव आणि स्वतःहून थांब. पुढच्या खेपेला तिथूनच सुरू कर.

एक ओळ तेवढी राहिली. उचलेपर्यंत सोडायचं नाही.

त्या ओळीपाशी तो अडला. अक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ही काढली तर मी बाला सोडून पुढे गेलो, असं होईल."

अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"मुलगा आहे मी त्याचा!"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पलीकडच्या काठाजवळ, लांब, झोपड्यांचे ठिपके दिसत होते, आणि त्यांच्यापुढचे बांबू. माणसं ओळखू येत नव्हती.

त्याने ओळ खोडली. खोडताना तो रडत होता, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

तीन वाजले. स्क्रिप्ट सुरू झाली.

पडद्यावर नावं उमटू लागली. एकेक नाव, आणि त्यापुढे एक शब्द. उचलला. उचलला. नाही. उचलला. दिगंबर प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत वाचत होता. ही सगळी त्याला लहानपणापासून ओळखणारी माणसं, पण आजवर ती त्याच्या यादीतले नुसते नंबर होती.

सुदाम तारू.

वाजतोय…

वाजतोय…

दिगंबरचा हात आपोआप कीबोर्डकडे गेला. एक कळ दाबली की स्क्रिप्ट थांबली असती, मग तो हवा तेवढा वेळ वाजवत बसला असता. अक्कांनी त्याचा हात धरला नाही. फक्त त्याच्याकडे बघितलं.

हात हवेतच राहिला.

नाही. नाव बाजूला गेलं. स्क्रिप्ट पुढे सरकली.

शेवंता राघू घाटे.

वाजतोय…

उचलला.

दिगंबरने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा स्क्रिप्ट आणखी खाली गेली होती. उचलला. उचलला. उचलला. यादीचं शेवटचं नाव आलं, गुरुवारी जिथपर्यंत ती पोचलीच नव्हती ते नाव, आणि त्यापुढेही तोच शब्द उमटला. मग स्क्रिप्ट स्वतःहून थांबली. कोणी तोडली नाही.

"उरलेल्यांसाठी पुन्हा सुरू करू?" त्याने विचारलं.

"विचारतोस काय?"

दुसरी खेप सुरू झाली. बाजूला ठेवलेली नावं थोडीच होती. पहिल्या दोघांनी उचलला. मग पुन्हा सुदाम तारू. वाजतोय… नाही.

मध्ये रांगेतली दवाखान्याची आणि शाळेची कामं होऊन गेली, मग तिसरी खेप. नाही.

पुन्हा रांग सरून चौथ्या खेपेची पाळी आली तेव्हा दिगंबर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. चारला काही फार अवकाश नव्हता. त्याने खेप सुरू केली. यादीत आता एकच नाव उरलं होतं.

वाजतोय…

वाजतोय…

उचलला.

पेला गडगडत लांब गेला. दिगंबरने जमिनीवरचा फोन झडप घालून घेतला आणि बाचा नंबर लावला. पलीकडे लगेच कोणीतरी घेतला. वारा घोंघावत होता.

"बा! बा, ऐकतोस ना? बाहेर नीघ, पाणी…"

"आरं, कोन बोलतंय?"

बाईचा आवाज होता.

"मी… दिगंबर. सुदामबाचा."

"दिगू व्हय? मी शेवंता. आरं, म्हातारा वर हाय, काठावर. मला फोन आला तवाच जाऊन खांद्याला हलवून उठवला त्याला. माझी पोरगी बसलीय त्याच्यापाशी, तू नगं काळजी करू. पर त्याचा फोन हितंच बांबूला ऱ्हायला व्हता. म्हातारा ऐकंना, फोन आन म्हनतोय. म्हनून आले परत. त्याच्याच बाजंवर हुबी हाय बघ."

दिगंबर उभा होता तिथेच खाली बसला. मग त्याच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडायला लागलं.

"काकी… गुरुवारचं ते… राघूकाकांचं… ते माझ्यामुळं झालं. तुम्हाला फोन गेला नाही ना, तो माझ्यामुळं गेला नाही. मी लिहिलं होतं, बाने उचलेपर्यंत थांबायचं, आणि झोपडीत कोणीच नव्हतं, आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की माझ्यात चूक नाही… तुमच्यापुढे यायचं धाडस झालं नाही. आज तुम्हाला लावायलासुद्धा मला…"

"आरं, काय म्हनतूस? वाऱ्यात आयकू येत न्हाई. परत सांग…"

"सांगतो, काकी. पहिल्यापासून सांगतो…"

धरणाकडून भोंगा वाजला. एकदा, लांबवर. मग दुसऱ्यांदा.

अक्कांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिगंबर… वेळ तिचा चाललाय."